ऑल्टमनला का काढलं, हे जगाने विचारलं. आमच्या पोरांचं कोण विचारणार?

१७ नोव्हेंबर २०२३, शुक्रवार. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीच्या संचालक मंडळाने आपला मुख्य कार्यकारी अधिकारी सॅम ऑल्टमन याला काढून टाकलं. कारण एका वाक्यात दिलं: मंडळाशी बोलताना तो सातत्याने प्रांजळ राहिला नाही. एवढंच.

मग जगभर तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं, 'क्यू-स्टार' नावाचं काहीतरी भयंकर तयार झालंय, माणसाला मागे टाकणारं, म्हणून संचालक घाबरले. कुणी म्हणालं, चिपच्या धंद्यासाठी तो आखाती देशांत पैसे गोळा करत होता. कुणी हेलन टोनर या संचालिकेच्या शोधनिबंधावरून झालेल्या भांडणाकडे बोट दाखवलं. आमच्या ग्रुपवरही तेच. हिंजवडी, खराडी, ऐरोलीत नोकऱ्या करणारी आमची शिकलेली पोरं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ऑल्टमनच्या नोकरीची काळजी करत होती. आम्हीही त्यात होतो, खोटं कशाला बोला!

पाच दिवसांत तो परत खुर्चीवर. सुमारे ७७० कर्मचाऱ्यांपैकी ७०० हून जास्त जणांनी 'त्याला परत आणा, नाहीतर आम्ही चाललो' असं पत्र दिलं. लोक याला निष्ठा म्हणाले. पण याच कर्मचाऱ्यांचे शेअर ८६ अब्ज डॉलर मूल्यांकनाच्या हिशोबाने विकले जायचे होते, हे कितीजणांनी सांगितलं? शिवाय मायक्रोसॉफ्टने ऑल्टमनसह सगळ्यांना आपल्याकडे घ्यायची तयारी दाखवली होतीच. ज्यांनी त्याला काढलं, त्यातल्या बहुतेकांनाच मंडळ सोडावं लागलं. मंडळावरच्या दोन्ही बायका गेल्या.

कागदावर ओपनएआयचं नियंत्रण एका ना-नफा संस्थेच्या मंडळाकडे होतं. गुंतवणूकदाराचा नफा बघणं हे त्या मंडळाचं काम नव्हतं, मालकाला आवर घालणं हे होतं. कागदावर अधिकार होता, पण पैसा दुसरीकडे होता. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत हाच धोका सांगितला होता: राजकारणात समता आणि आर्थिक-सामाजिक जीवनात विषमता ठेवली, तर ही विसंगती लोकशाहीचा डोलारा उडवून देईल. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दलही बजावलं होतं. सिलिकॉन व्हॅलीत या दोन्ही गोष्टी पाच दिवसांत बघायला मिळाल्या.

आणि खरं कारण? मे २०२४ मध्ये टोनर यांनी सांगितलं की चॅटजीपीटी बाजारात आल्याचं मंडळाला ट्विटरवरून कळलं. कंपनीच्या स्टार्टअप फंडाची मालकी ऑल्टमनकडे आहे, हेही त्याने सांगितलं नव्हतं. त्याआधी मार्चमध्ये एका लॉ फर्मच्या चौकशीतून 'काढण्याइतकं काही घडलं नव्हतं' असा निष्कर्ष निघाला होता, पण तो पूर्ण अहवाल लोकांसमोर आला नाही. म्हणजे वाद होता साधा: साहेब देखरेख करणाऱ्यांपासून गोष्टी लपवत होता की नाही? क्यू-स्टारची भुताची गोष्ट ऐकायला जागं राहिलेलं जग हे ऐकायला मात्र झोपलं होतं.

आता दुसरी बाजू बघा. चॅटजीपीटीच्या तोंडून घाण बाहेर पडू नये म्हणून ती घाण आधी कुणीतरी वाचून वेगळी करावी लागते. हे काम केनियातल्या मजुरांनी केलं, तासाला दोन डॉलरपेक्षा कमी पैशात. लहान मुलांवरचे अत्याचार, खून, छळ यांची वर्णनं दिवसभर वाचायची! टाइम मासिकाने जानेवारी २०२३ मध्ये हे उघड केलं. ते कंत्राट मुदतीआधीच संपलं, तेव्हा कुणाला कमी पैशाच्या कामावर टाकलं, कुणाचं कामच गेलं. त्यांना का काढलं यावर कुणी रात्री जागवल्या? हाताने मैला उचलायला लावणारी व्यवस्था आम्हाला ओळखीची आहे. यंत्राचा मैला उचलणारेही ठरलेलेच असतात.

टिमनिट गेब्रू ही काळी संशोधिका. या भाषिक यंत्रांचे धोके सांगणाऱ्या निबंधावरून डिसेंबर २०२० मध्ये तिला गुगलबाहेर जावं लागलं. ती म्हणाली काढलं, कंपनी म्हणाली राजीनामा स्वीकारला. तिच्यासाठीही दोन हजारांवर कर्मचाऱ्यांनी सह्या केल्या. ती परत आली नाही. तिच्या मागे अब्जावधी डॉलर उभे नव्हते.

आणि जात? ती तर विमानाने आधीच तिकडे पोहोचली आहे. सिस्कोतल्या दलित अभियंत्याच्या तक्रारीवरून कॅलिफोर्निया सरकारने २०२० मध्ये कंपनीवर खटला भरला. २०२२ मध्ये थेनमोळी सौंदरराजन यांचं जातीवरचं व्याख्यान गुगलमध्ये रद्द झालं, आणि ते ठरवणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी राजीनामा दिला. जातिभेदाला स्पष्ट शब्दांत बंदी घालणारं विधेयक कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राज्यपाल न्यूसम यांनी ७ ऑक्टोबर २०२३ ला त्यावर नकाराधिकार वापरला. म्हणजे ऑल्टमनचं नाट्य घडलं त्याच्या फक्त ४१ दिवस आधी, त्याच राज्यात. आमच्या ग्रुपवर त्या बातमीला किती उत्तरं आली होती, ते आम्ही मुद्दाम मागे जाऊन पाहिलं. चार. त्यातले तीन नुसते अंगठे.

आमचा एक मित्र पुण्यातल्या एका कंपनीत नऊ वर्षं होता. एके दुपारी एचआरने बोलावलं, राजीनामा टाइप करून तयार ठेवला होता. कारण विचारलं तर 'बिझनेस डिसिजन'. सही नाही केली तर रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही, पुढची नोकरी विसर. घराचा हप्ता डोळ्यांसमोर होता, त्याने सही केली. घरात पहिला पदवीधर तोच.

कारण विचारण्याचा हक्क आकाशातून पडत नाही. संविधानाच्या कलम ३११ नुसार सरकारी नोकराला आरोप सांगितल्याशिवाय, चौकशीशिवाय, त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. अपवाद आहेत, पण नियम हा आहे. आमच्या बापजाद्यांना रेल्वेत, पोस्टात, महसुलात नोकरी लागली तेव्हा पगाराबरोबर हे कवचही मिळालं. वरचा साहेब कितीही जातीयवादी असला तरी त्याला फायलीवर कारण लिहावं लागायचं. खासगी कंपनीत हे कवच नाही. आणि ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्र सरकार नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरती करायला निघालं होतं! पोरं रस्त्यावर उतरली, ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द करावा लागला. तेव्हा आपण आरक्षण जातं म्हणून बोललो, बरोबरच बोललो. पण एजन्सीमार्फत लागलेल्या पोराला उद्या 'येऊ नको' म्हटलं तर तो कलम ३११ दाखवू शकत नाही, हे आपल्या सभांमधून फारसं आलं नाही.

बाबासाहेबांनी १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष पुढे होता. आज आयटीतली आमची पोरं स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला लाजतात. गळ्यात ओळखपत्र आहे म्हणून मालक झालो, असं वाटतं काय?

तर मित्रांनो, एचआरने खोलीत बोलावलं तर लगेच सही करू नका. 'कारण लेखी द्या' असा मेल तिथेच बसून करा, एक प्रत स्वतःच्या खासगी मेलवर ठेवा. कामगार आयुक्तांकडे अर्ज करा, एकट्याने नाही, चार जण मिळून. आमच्या त्या मित्राच्या अर्जासाठी आणखी तिघांची नावं जमली आहेत. त्याच कंपनीतून राजीनामा घेतलेलं आणखी कुणी हे वाचत असेल, तर कळवा.