वाळूच्या लाटा, पाण्याच्या लाटा

एका हाताला वाळूचे डोंगर आणि दुसऱ्या हाताला अटलांटिक महासागर! आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील नामिबियात हे दृश्य पाहायला मिळते. १९९० साली स्वतंत्र झालेला हा देश आकाराने महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, पण लोकवस्ती जेमतेम तीस लाखांची. तासन् तास गाडी चालवूनही समोरून कुणी येईलच असे नाही. या प्रवासाची खरी मौज तीच आणि खरा धोकाही तोच.

राजधानी विंडहुकमध्ये फोर व्हील ड्राइव्ह गाड्या भाड्याने मिळतात. टपावर घडीचा तंबू, मागे छोटा फ्रिज, गॅसची शेगडी, भांडीकुंडी असा सारा संसार गाडीतच! वाहतूकही आपल्यासारखी डावीकडून. त्यामुळे भारतीय चालक पहिल्याच दिवशी निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. कारण बहुतेक रस्ते डांबरी नसून खडीचे आहेत. वेगात असताना एकदम ब्रेक दाबला किंवा स्टिअरिंगला हिसका दिला, की गाडी घसरून उलटते. काटा ताशी ८० च्या आत ठेवावा आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. रात्री जनावरे रस्त्यावर येतात.

वाळवंटाचे दार म्हणजे सेसरीम. पूर्वी इथल्या घळीतले पाणी शेंदायला चामड्याच्या सहा वाद्या जोडाव्या लागत, त्यावरून हे नाव पडले. इथून सोसुसव्लेईपर्यंत सुमारे ६० किलोमीटर डांबरी रस्ता आहे. शेवटचे पाच किलोमीटर मात्र निव्वळ वाळू. तिथे चाकांतली हवा १५ ते १८ पौंडांपर्यंत उतरवतात. उंटाच्या पावलासारखे टायर पसरते आणि वाळूत रुतत नाही. मात्र परतताना कठीण रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरायलाच हवी. कमी हवेचे टायर वेगात तापते आणि फुटते.

पुढे वॉल्विस बेकडे निघाले, की हवा पालटते. बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहामुळे किनाऱ्यावर दाट धुके दाटते. पाऊस जवळजवळ नसलेल्या या प्रदेशात हे धुकेच जीवन! इथला एक भुंगा तर डोके खाली, पाठ वर करून उभा राहतो आणि अंगावर जमलेले थेंब ओघळून तोंडाशी आले, की पितो. उत्तरेकडे आहे ‘स्केलेटन कोस्ट’, म्हणजे सांगाड्यांचा किनारा. देवमाशांची हाडे आणि धुक्यात वाट चुकून फुटलेली जहाजे इथे विखुरली होती. दक्षिणेकडे सँडविच हार्बर. तिथे टेकड्या थेट समुद्रात उतरतात. भरतीला किनाऱ्याची अरुंद पट्टी पाण्याखाली जाते आणि अडकलेली गाडी समुद्र गिळतो. म्हणून तिथे भरती-ओहोटी जाणणारा स्थानिक वाटाड्या सोबत असावाच.

आणखी एक पथ्य. आखलेली वाट सोडून गाडी घालू नये. खडकाळ माळावर दगडफूल वाढते. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच हे भाऊबंद. त्याची वाढ अतिशय मंद. एकदा चाकाखाली चिरडले, की तो ओरखडा कित्येक दशके मिटत नाही.

निघताना दर माणशी रोजचे पाच लिटर पाणी, दोन स्टेपनी आणि हवेचा पंप घ्यावा. पेट्रोल पंप दिसला, की टाकी अर्धी भरलेली असली तरी थांबावे. पुढचा पंप कदाचित दीडशे किलोमीटरवर असेल!