शीग लावून

आमच्या गल्लीत पूर्वी साखरेची वाटी या घरातून त्या घरात फिरत असे. आणताना वाटी सपाट, परत देताना तिला शीग. आईने यामागचे कारण कधी सांगितले नाही. वरून टाकलेली शेवटची चिमूट घसरून ओट्यावर सांडायची आणि मी ती बोटाने टिपून खायचो, एवढे आठवते. यंदाच्या अंकासाठी आलेले लेख वाचताना ती वाटी सारखी डोळ्यांपुढे येत होती.

वैचारिक लेख यंदा बरेच आले, तेही तरुणांचे. त्यांचे आपोआप दोन गठ्ठे झाले. एकात सॉक्रेटिस, नीत्शे, सार्त्र, कृष्णमूर्ती; दर चार ओळींना एक मोठे नाव, आणि लिहिणारा मात्र कुठेच सापडत नाही. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांनी सोबतच्या पत्रातच कळवले होते की, आम्ही कोणाचे वाचत नाही, हे आमचे स्वतःचे विचार आहेत. ते विचार मी ओळखत होतो. ते सकाळी मोबाइलवर येतात, संध्याकाळी चहाच्या गाड्यावर ऐकू येतात, निवडणुकीत व्यासपीठावरून येतात. न वाचणारा माणूस एकट्याने विचार करतो, हा समज मला आता मान्य नाही. तोही उसनेच आणतो, फक्त कोणाच्या घरून आणले हे त्याला ठाऊक नसते.

जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवरने १८५१ साली छापलेल्या एका निबंधात बजावले होते की, वाचन म्हणजे दुसऱ्याच्या डोक्याने विचार करणे, आणि सतत वाचणाऱ्याची स्वतःची विचारशक्ती लुळी पडते. इशारा खरा आहे. पण हा माणूस आयुष्यभर उपनिषदे वाचत राहिला, तीही दारा शुकोहने फारसीत करवून घेतलेल्या आणि त्यावरून लॅटिनमध्ये आलेल्या अनुवादातून. म्हणजे त्याचे भांडण वाचनाशी नव्हतेच. वाचून झाल्यावर डोके बंद ठेवण्याशी होते.

वाचूनही डोके उघडे कसे ठेवायचे, याचे उत्तर शोधायला आपल्याकडे लांब जावे लागत नाही. विचारवंत नरहर कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूरचा. हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात मोडते, पण १९९९ पर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते, म्हणून आम्ही परभणीकर त्यांना हक्काने आमचे म्हणतो. हैदराबादेत मामा डॉ. नांदापूरकरांच्या घरी या मुलाला ग्रंथांचे भांडार सापडले आणि तो त्यात बुडाला. इंटरच्या परीक्षेत मात्र तो पुन्हा पुन्हा नापास झाला. पुढे नांदेडला शाळेत शिकवता शिकवता त्याने आय. ए. रिचर्ड्सच्या कलामीमांसेवर मराठीत पुस्तक लिहिले. नुसता सारांश करून हा माणूस थांबत नसे. समोर ग्रंथ कोणाचाही असो, त्याला उलटे प्रश्न विचारल्याशिवाय तो मिटायचा नाही. मनुस्मृतीतली विषमता त्यांना अमान्य होती, पण न वाचता नाकारण्याचा सोपा रस्ता त्यांनी धरला नाही. ग्रंथ बारकाईने वाचला, त्यावर व्याख्याने दिली आणि मग नाकारला. रणजित देसाईंना लिहिलेले त्यांचे दीर्घ पत्र ‘श्रीमान योगी’ या कादंबरीची प्रस्तावना झाले. शिवाजी महाराजांवर तोवर किती लिहून झाले होते! तरी त्यांना प्रश्न पडला की, महाराजांच्या पश्चात सामान्य माणसे इतकी वर्षे का लढत राहिली? हा प्रश्न पडायला बखरी वाचाव्या लागतात. पण बखरीत तो लिहिलेला नसतो.

कोणी म्हणेल, गंगाखेडच्या जनाबाईने कुठले ग्रंथ वाचले? वाचले नसतील, पण तिने ऐकले. पंढरपुरात नामदेवांच्या घरी राहून, दळणकांडण करताना कीर्तन, नाम, संतांचे बोलणे सगळे कानांत साठवले, आणि त्या ऐकलेल्या देवाशी ती भांडली, त्याला कामाला लावले. तिच्या नावावर तीनशेहून अधिक अभंग आहेत. ही शीग नव्हे तर काय?

उसने आणून शीग लावायची, हे इथल्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. १८ मे १९७२ रोजी परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झाले. पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, हा तिथल्या तज्ज्ञांचा सल्ला आता गावोगाव पोचला आहे. जाणता शेतकरी तो सल्ला वाचतो, मग बांधावर जातो, काळ्या मातीत वीतभर हात घालतो, मूठ वळतो आणि गोळा फुटतो की टिकतो ते बघतो. नुसत्या छापील सल्ल्यावर तो तिफण जुंपत नाही आणि नुसत्या मुठीवरही नाही, कारण दुबार पेरणीचे बियाणे कोणी फुकट देत नाही.

या अंकात जिंतूर तालुक्यातल्या एका मुलीचा लेख आहे. सिमोन द बोव्हारचे ‘द सेकंड सेक्स’ तिने करुणा गोखले यांच्या मराठी अनुवादातून वाचले होते. पहिला खर्डा नुसता पुस्तकाचा सारांश होता. मी तो परत पाठवला आणि समासात एवढेच लिहिले : यात तुमची आई कुठे आहे? महिन्याभराने दुसरा खर्डा आला. स्त्री स्वतः कमावू लागली की तिची सुटका सुरू होते, हे पुस्तकात वाचले, असे तिने लिहिले होते. मग माझी आई दहाव्या वर्षापासून खुरपायला जाते, मजुरी स्वतःच्या हाताने मोजून घेते, आणि तरी सातबाऱ्यावर तिचे नाव का नाही? या प्रश्नासाठी तिने पुस्तक पुन्हा उघडले. नुसत्या कामाने स्वातंत्र्य मिळत नाही, हे बोव्हारनेही लिहिले आहे, ते पहिल्या वाचनात तिच्या नजरेतून निसटले होते. लेखाच्या शेवटी ती आईला घेऊन तलाठी कार्यालयात गेली आहे. पुढे काय झाले ते अजून ठरायचे आहे, असे तिने कळवले आहे, म्हणून लेख तिथेच थांबला आहे आणि आम्ही तो तसाच छापला आहे.