सनरूफ नको, क्लच हवा

जयपूर छावणीतल्या कुठल्याही पार्किंगमध्ये संध्याकाळी एक चक्कर मारा. उंच नाकाच्या, रुंद खांद्यांच्या एसयूव्ही रांगेने उभ्या दिसतील. बहुतेक ऑटोमॅटिक, बहुतेक हप्त्यांवर. त्याच गाड्या वार्षिक रजेला निघताना बघा. मागच्या सीटवर दोन मुलं, मध्ये आजी, आजीच्या मांडीवर पिशवी आणि वर आकाश दाखवणारं सनरूफ. मे महिन्यात जयपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना ते सनरूफ उघडणारा वीर मला अजून भेटायचा आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या फौजी कुटुंबाची आणि निवृत्तीचे पैसे हातात घेऊन गावी परतणाऱ्या जवानाची गरज एकच आहे: चार-सहा वर्षं जुनी, मॅन्युअल गिअरची, सात सीटची छोटी एमपीव्ही. बाकी सगळा थाट शेजाऱ्यासाठी असतो.

आधी हिशोब. 12 लाखांचं कर्ज, 9 टक्के व्याज, सात वर्षं मुदत. हप्ता येतो महिना सुमारे 19,300 रुपये. सात वर्षांत नुसतं व्याजच सव्वाचार लाखांच्या जवळ जातं, आणि तोवर गाडीची किंमत निम्म्याखाली आलेली असते. अधिकाऱ्याला हे एकवेळ झेपेल. पण पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होणाऱ्या हवालदाराचं काय? आपशिंगे मिलिटरी असो की सैनिक टाकळी, ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनची रक्कम खात्यात पडली की घरात पहिली चर्चा गाडीची होते. मुलं अजून शाळेत, घराचं छत गळतंय, दुसरी नोकरी लागायची आहे, आणि सगळ्यात मोठा चेक जातो शोरूमला. ही गोष्ट कुणीतरी मोठ्याने बोलायला हवी.

"पण साहेब, कॅन्टीनमधून नवी स्वस्त पडते!" पडते, मान्य. सवलत मात्र किमतीवर मिळते, घसाऱ्यावर नाही. शोरूमच्या फाटकाबाहेर पडताच जी किंमत उतरते ती कॅन्टीनवाल्याचीही उतरते. ती उतरण दुसऱ्या कुणीतरी सोसलेली गाडी मिळत असेल, तर आपण पुन्हा का सोसायची?

आता कोणती? एर्टिगा हे सोपं उत्तर आहे आणि मला ते सोपं असल्याची लाज वाटत नाही. 2012 मध्ये ती आली, 2018 च्या नोव्हेंबरमध्ये तिची दुसरी पिढी. पेट्रोल इंजिनला टायमिंग चेन आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरला पट्टा बदलायची भानगड नाही. मागच्या रांगांसाठी वेगळी एसीची हवा आहे, राजस्थानात ती चैन नसून गरज आहे. आणि मुख्य म्हणजे सुरतगडपासून तेजपूरपर्यंत तिचा क्लच बदलून देणारा मिस्त्री सापडतो. बजेट कमी असेल तर 2019 पासूनची ट्रायबर बघा. इंजिन एक लिटरचं, तीन सिलिंडरचं. सात जणांना घेऊन घाट चढताना ते धापा टाकतं, पण लांबी चार मीटरच्या आत आणि ग्लोबल एनकॅपच्या 2021 च्या चाचणीत प्रौढांसाठी चार तारे. एर्टिगाला 2019 मध्ये तीन मिळाले होते.

स्वस्त म्हणून ईको घेऊ नका. 2016 च्या चाचणीत तिला शून्य तारे होते. एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीत आईवडिलांना बसवून महामार्गावर निघणं ही बचत नव्हे. शेवर्ले एन्जॉयही कवडीमोल दिसेल, पण कंपनीने 2017 मध्येच भारतातली विक्री थांबवली आहे. सुट्या भागांसाठी दुकानं पालथी घालण्याची हौस असेल तरच. रेनोच्या लॉजीचं तसं नाही. तिचं डिझेल इंजिन डस्टरमध्येही होतं, त्यामुळे इंजिनाचं सामान अजून मिळतं. बॉडीचं मात्र आधी विचारून घ्या.

मॅन्युअलच का? कारण जुन्या ऑटोमॅटिकच्या पोटात काय चाललंय हे अर्ध्या तासाच्या फेरीत कळत नाही आणि बिघडली तर लहान गावात तिला हात लावणारा मिळत नाही. मॅन्युअल गाडी आपलं दुखणं स्वतः सांगते. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाने चालवा आणि ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडी पुढे ओढली नाही, तर क्लच प्लेट संपली. दुसऱ्या गिअरला खरखर आली तर गिअरबॉक्स उघडावा लागणार. दोन्हीचा खर्च आधी कळतो, म्हणून भावात कापता येतो. ज्यांचे गुडघे सियाचीनने किंवा पॅराच्या उड्यांनी घेतले, ज्यांनी पाय गमावला, त्यांनी ऑटोमॅटिकच घ्यावी. तिथे वाद नाही. धडधाकट पस्तिशीतल्या मेजरला मात्र डावा पाय वापरायचा कंटाळा येत असेल, तर त्याने सकाळची पीटी वाढवावी.

जयपूरच्या बाजाराचे दोन सापळे आहेत. पहिला पर्यटनाचा. दिल्ली-आग्रा-जयपूर या त्रिकोणात एर्टिगा टॅक्सी म्हणून रात्रंदिवस धावते. त्यातल्या काही पिवळी पाटी उतरवून, रंगरंगोटी करून, मीटर मागे फिरवून "घरगुती" होतात. मीटरवर 50 हजार आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची कड बसलेली, स्टिअरिंग चकचकीत, असं दिसलं की चहा पिऊन उठावं. एमपरिवहन ॲपवर गाडी कितव्या मालकाची, कर्ज बाकी आहे का, विमा चालू आहे का, हे दिसतं. सगळ्या काचांवरचं साल जुळतं का बघा, टायरवरचे चार आकडे वाचा (आठवडा आणि साल), आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून नोंदी काढा. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं खारं पाणी भरलेलं असेल तर झाकणाखाली पांढरा-तांबूस थर दिसतो. या वाळवंटी मुलखात तो हमखास बघा.

दुसरा सापळा दिल्लीच्या डिझेलचा. राष्ट्रीय हरित लवादाच्या 2015 च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या आदेशांनंतर राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर गदा आली. नंतर न्यायालयात त्यावर पुन्हा खल झाला, पण त्या भीतीने दिल्लीच्या गाड्या जयपुरात स्वस्त मिळतात. लक्षात ठेवा, अलवर आणि भरतपूर हे राजस्थानचे जिल्हेही त्याच क्षेत्रात मोडतात. उद्या पोस्टिंग दिल्लीला आलं तर तुमचा स्वस्त सौदा दारात उभा राहील.

आणि "साब, फौजी की गाडी है" या वाक्याला भुलू नका. वर्दी गाडीचं ऑईल बदलत नाही. आपल्यातही गाडी वर्षभर झाडाखाली उभी ठेवून रजेच्या आदल्या दिवशी धुणारे आहेतच. खडकवासल्याला आम्हाला पहिल्यांदा टेहळणी शिकवली, हल्ला नंतर. ओळखीचा मिस्त्री सोबत न्या, इंजिन थंड असताना पहिला स्टार्ट आपल्यासमोर घ्या.

कागदांत ढिलाई अजिबात नको. फॉर्म 29 आणि 30, कर्ज असल्यास 35, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर मूळ आरटीओची एनओसी. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आणि राज्याबाहेर 45 दिवसांत कळवायचं असतं. पोस्टिंगच्या घाईत गाडी विकून नाव तसंच ठेवणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल ध्यानात ठेवावा: अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, गाडी प्रत्यक्षात कुणाच्याही ताब्यात असो. सेवेत असलेल्यांना आणखी एक सोय आहे. 2021 मध्ये बीएच मालिका आली आणि डिसेंबर 2022 च्या दुरुस्तीनंतर साध्या क्रमांकाची जुनी गाडीही लागू कर भरून त्या मालिकेत नेता येते. मग दर बदलीला नव्या राज्याची नोंदणी आणि कराचा फेरा चुकतो.

जयपूरवरून जाणारा 48 क्रमांकाचा महामार्ग उदयपूर, अहमदाबाद, सुरत, पुणे करत थेट सातारा-कोल्हापूरला पोहोचतो. एकाच रस्त्यावर आपली ड्यूटी आणि आपलं घर. त्या रस्त्यावर आईला मधल्या रांगेत पाय पसरून झोपता यावं, पोरांनी मागे भांडावं, आणि गाडी कुठे अडलीच तर ढाब्याशेजारच्या मिस्त्रीने ती तासाभरात चालू करून द्यावी. सात जण भरल्यावर सामानाला जागा कमी उरते हे खरं, तर बॅगा कॅरिअरवर बांधा. उरलेल्या पैशांत पोरीची फी भरा, घराचं छत नीट करा. शेजारी विचारेल, "साहेब, एवढीच गाडी?" त्याला सांगा, हप्ता शून्य आहे.