बी.एड. झालं, पण वर्ग बदलला का?

दरवर्षी ३ जानेवारीला नेवासा तालुक्यातल्या शाळाशाळांतून सावित्रीमाईंच्या प्रतिमेला हार घातला जातो. शेणाच्या गोळ्यांची गोष्ट सांगितली जाते, टाळ्या वाजतात. पण सावित्रीमाई नुसत्या धाडसावर शिक्षिका झाल्या नाहीत. त्यांनी अध्यापनाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं, आणि तेही आपल्याच नगरला, सिंथिया फॅरार यांच्याकडे. हे मात्र भाषणात येत नाही.

आज डी.एड., बी.एड. झालेले शिक्षक गावोगाव आहेत. म्हणून आमचा प्रश्न पदवीचा नाही. त्या शिक्षणाने वर्गात काय बदललं, हा आमचा प्रश्न आहे.

आमच्या परिचयातल्या जिल्हा परिषद शाळेच्या एका बाईंनी दहा-बारा वर्षांच्या नोकरीनंतर मुक्त विद्यापीठातून बी.एड. केलं. कृतिसंशोधनासाठी त्यांनी आपल्याच वर्गाची नोंद ठेवली. आज प्रश्न कुणाला विचारला? फळ्यापाशी कुणाला बोलावलं? वर्ग झाडायला कुणाला सांगितलं? दोन आठवड्यांनी वही उघडली, तर प्रश्न बहुतेक गावठाणातल्या मुलांना आणि झाडू बौद्ध वस्तीतल्या, भिल्लवस्तीतल्या मुलींच्या हातात. बाई आम्हाला म्हणाल्या, "मी जात मानत नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगितलं असतं. माझी वही वेगळंच सांगत होती."

त्यानंतर त्यांनी झाडण्याच्या पाळ्या हजेरीपटाच्या क्रमाने लावल्या, मुलगे धरून. बसायच्या जागा दर सोमवारी बदलल्या. प्रश्न विचारायला नावांच्या चिठ्ठ्या केल्या. 'व्हतं', 'न्हाई' म्हणणाऱ्या पोराला 'अशुद्ध बोलतोस' म्हणणं थांबवलं. ज्या नेवाशात सातशे वर्षांपूर्वी संस्कृतातली गीता मराठीत आली असं आपण अभिमानाने सांगतो, तिथे पोराच्या घरच्या बोलीला शाळेत जागा नसावी, हा कुठला न्याय?

चिठ्ठीत पहिल्यांदा नाव निघालं तेव्हा भिल्लवस्तीतली एक मुलगी रडायला लागली. तिला वाटलं, आपल्याला शिक्षा होतेय. तिसरीपर्यंत त्या लेकराला कुणी काही विचारलंच नव्हतं! आणि दुसऱ्याच आठवड्यात काही पालक भांडायला आले, "आमच्या पोराच्या हातात झाडू दिलाच कसा?" वरिष्ठांनी 'वाद नको' असा सल्ला दिला. बाईंनी पाळ्या बदलल्या नाहीत.

बाबासाहेबांना शाळेत गोणपाटावर वेगळं बसावं लागलं. शिपाई हजर नसेल तर तहानलेलं राहावं लागलं. आज गोणपाट गेलं. पण प्रश्न कुणाला आणि झाडू कुणाला, ही वाटणी तशीच आहे. ती कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही, ती वहीत दिसते.

आपले काही कार्यकर्ते म्हणतील, "ही व्यवस्थाच मनुवादी, प्रशिक्षणाने काय होणार? आपली माणसं शिक्षक झाली की झालं." आम्हाला हे अर्धंच पटतं. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दोन्ही गोष्टी मागितल्या होत्या. शिक्षक कष्टकरी समाजातून यावेत, नांगर धरायची लाज न वाटणारे असावेत, ही एक. आणि ते प्रशिक्षित असावेत, त्यांना नीट पगार मिळावा, ही दुसरी. नुसती जन्माची जात पुरत नाही. "ही भिल्लांची पोरं काय शिकणार?" हे वाक्य आम्ही आपल्याच समाजातल्या शिक्षकांच्या तोंडूनही ऐकलं आहे. तेव्हा मान खाली गेली.

आणि हा प्रश्न फक्त मार्कांचा नाही. २०१३ साली आपल्याच तालुक्यातल्या सोनईत तीन दलित तरुणांची हत्या झाली. २०१४ साली खर्ड्यात शाळेत जाणाऱ्या आपल्या पोराचा जीव घेतला गेला, साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. जातीचा माज घरात आणि चावडीवर शिकवला जातो, हे खरं. पण त्याच पोरांवर शाळेचीही दहा-बारा वर्षं खर्च होतात. त्या वर्षांत शाळेने तो माज किती अडवला?

म्हणून तरुणांना आमचं सांगणं आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक असावे लागतात आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. आपल्या गावात ती समिती कागदावर आहे की खरी, ते तपासा. वस्तीतल्या आईबापांना तिथे बसवा. बैठकीत खिचडी आणि गणवेशाबरोबर हेही विचारा: झाडू कुणाच्या हातात आहे? आमच्या पोरीला या महिन्यात किती वेळा प्रश्न विचारला? आणि जे शिक्षक शिकून स्वतःला तपासतात, त्यांच्यावर गाव तुटून पडेल तेव्हा त्यांच्या बाजूला उभे राहा. त्या बाईंच्या बाजूला त्या दिवशी कुणीच नव्हतं. आम्हीही उशिरा पोचलो.

येत्या ३ जानेवारीला हार जरूर घाला. पण शिक्षकांच्या हातात एक कोरी वहीही द्या.

जय भीम! जय सावित्री!