अनुपानाचा मध कोठून येतो?

चिठ्ठीवर ‘मधातून’ एवढाच शब्द लिहून आपण पुढच्या औषधाकडे वळतो. चूर्णाच्या घटकद्रव्यांविषयी जितके चोखंदळ असतो, तितके अनुपानाविषयी नसतो. मधाला योगवाही म्हणावयाचे आणि तो मात्र बाजारातील सर्वांत स्वस्त बाटलीतून द्यावयाचा, ही विसंगती आता सोडली पाहिजे.

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ नाममुद्रांचे मध तपासून घेतले. एनएमआरसह सर्व कसोट्यांना केवळ ३ उतरले. कंपन्यांनी हा निष्कर्ष अमान्य केला, हे खरे. परंतु तांदळापासून केलेला पाक नेहमीच्या चाचण्यांतून निसटू शकतो, ही शंका त्यामुळे मिटत नाही.

आम्हा अलिबाग-मुरूडकडच्या वैद्यांना पर्याय फार दूर नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की थंड हवेचे महाबळेश्वर. तेथे राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातील मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ ठरले. परसात, बांधावर सातेरी माश्यांच्या चार पेट्या सांभाळणारी ही कुटुंबे. एक पेटी वर्षाकाठी जेमतेम पाच-सात किलो मध देते. जांभळाचा निराळा, गेळ्याचा निराळा. कारवीचा तर सात-आठ वर्षांतून एकदा. भर पावसाळ्यात माशीला बाहेर पडता येत नाही, तेव्हा वसाहत जगविण्यासाठी साखरेचा पाक द्यावा लागतो. तो माशीच्या पोटापुरता. मध साठण्याच्या दिवसांत तो बंद असला पाहिजे. खरेदीपूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न हाच.

दोष आपल्याकडेही आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशा मधाच्या दोन डझन बाटल्या परत पाठविल्या. हिवाळ्यात मधाने तळाशी रवा धरला होता आणि रुग्ण ‘साखर घातली आहे’ म्हणत होते. रवा धरणे हा मधातील द्राक्षशर्करेचा स्वभाव आहे, भेसळीचा पुरावा नव्हे, हे त्यांना समजावणे माझे काम होते. मधपाळाने बिचाऱ्याने तो तापवून, पातळ करून पाठविला आणि मी समाधानाने ठेवून घेतला! उष्ण मधाचा निषेध संहितेत शिकलेल्या वैद्यानेच तो तापवावयास लावला.

औषधालयांच्या मालकांनी आता हंगामापूर्वी मागणी नोंदवून काही रक्कम आगाऊ द्यावी आणि एकसारख्या रंगाचा आग्रह सोडावा. सातेरीच्या मधात जलांश अधिक, त्यात आपली किनाऱ्याची हवा दमट. मोठा डबा वारंवार उघडला तर मध आंबतो. म्हणून लहान, घट्ट झाकणाच्या बाटल्याच मागवाव्यात. बाटलीवर गाव, फुलोरा आणि काढणीचा महिना असावा. नवा मध बृंहण, जुना लेखन. महिनाच नोंदलेला नसेल, तर स्थौल्याच्या रुग्णाला आपण कोणता दिला, हे कशावरून सांगणार?