नखुरडे, गमबूट आणि मुकादमाचा खाडा

पायाच्या नखावर लेख लिहितो म्हणून काही मित्र हसतील. हसू द्या. गेल्या पावसाळ्यात आम्ही एका हजेरी चौकीवर कंत्राटी सफाई कामगारांशी किमान वेतनाबद्दल बोलत बसलो होतो. एकाने गमबूट काढला. अंगठा सुजून लाल झालेला, नखाच्या कडेतून पू येत होता. "दादा, वेतनाचं नंतर बघू, आधी हे बघा," तो म्हणाला. मग एकेकाने बूट काढले.

नख मांसात का रुतते? बूट बोटांना दाबतो, सतत ओली राहिलेली कातडी मऊ पडते आणि नखाची कड त्यात घुसते. त्यात कोपरे ब्लेडने गोल आणि खोल कापले की उगवणारे नख थेट मांसातच शिरते. डॉक्टर सांगतात, नख सरळ कापा, फार आखूड कापू नका, ऐसपैस पादत्राण घाला, पाय कोरडे ठेवा. सल्ला बरोबर आहे. पण सात नंबरचा पाय ठेकेदाराने दिलेल्या सहा नंबरच्या बुटात कोंबून, आत गटाराचे पाणी घेऊन पाच-सहा तास उभा असलेला माणूस पाय कोरडा कसा ठेवणार? गावभर स्वच्छता करणाऱ्यालाच 'स्वच्छता पाळा' म्हणून सांगणारे हे शहाणपण आम्हाला नवे नाही. हा रोग सवयीचा म्हणून कामगाराच्या माथी मारला जातो. आमच्या मते निम्म्याहून अधिक दोष बुटाचा आणि तो बूट देणाऱ्याचा आहे.

पावसाळ्यात मुंबईत महापालिका बजावते की, पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून चालू नका, लेप्टो होऊ शकतो. ज्याचे कामच त्या पाण्यात आहे, त्याने काय करावे? सुट्टी घेतली तर मुकादम खाडा मांडतो, रोज बुडतो. म्हणून माणूस चुना-हळद भरतो आणि पुन्हा बूट चढवतो.

आमच्या माणसांनाही दोन शब्द ऐकवायचे आहेत. ब्लेडने कोपरा कोरू नका. नुसती सूज असेल तर दिवसातून दोन-तीनदा कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून नीट पुसा. पू, ताप किंवा पसरणारी लाली दिसली तर सरकारी दवाखाना गाठा. मधुमेह असेल तर पू होण्याची वाटही बघू नका. वारंवार होत असेल तर बोट बधिर करून नखाची रुतणारी कड काढतात, मुळाशी फिनॉल लावतात म्हणजे ती कड सहसा पुन्हा उगवत नाही. भरती व्हावे लागत नाही, त्याच दिवशी घरी येता येते. पण पुढचे काही दिवस गमबूट घालता येत नाही, आणि प्रश्न तिथेच अडतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. कामगाराच्या आरोग्य विम्याची योजना तेव्हाच आकाराला आली आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. आजारपणात औषधही मिळावे आणि पैसेही, हाच त्याचा गाभा. तुमच्या पगारातून ईएसआय कापला जात असेल तर ठेकेदाराकडे विमा क्रमांक मागा. टाळाटाळ झाली तर आम्हाला कळवा.

मागण्या मोठ्या नाहीत. पायाच्या मापाचे दोन जोड, सुती मोजे, चौकीवर पाय धुवायला पाणी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर भरपगारी रजा. त्या चौकीवरच्या प्रत्येकाच्या पायाचे माप आम्ही वहीत लिहून घेतले आहे. निवेदनाला तीच यादी जोडतो आहोत.