सोसायटीच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कोणाकडे आहे?

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अशा सेवा काही तास अडखळत होत्या. हल्ला झाला होता ‘डिन’ या कंपनीवर. संकेतस्थळाचं नाव टाकलं की त्याचा पत्ता शोधून द्यायचं काम ती करायची. हल्ल्यात वापरलेली यंत्रं मात्र साधीसुधी होती: लोकांच्या घरा-दुकानांतले कॅमेरे, डीव्हीआर, राउटर. ‘मिराई’ नावाचा प्रोग्रॅम कारखान्यातून येणारे साठेक ठरावीक पासवर्ड लावून बघायचा. उघडेल ते यंत्र त्याचं. मालकाला सहसा कळायचंही नाही, कारण कॅमेरा नेहमीसारखा चालूच असायचा.

गेम थिअरीवाले अशा प्रकरणात आधी एवढंच विचारतात, की खर्च कोणाचा आणि नुकसान कोणाचं. पासवर्ड बदलायचा त्रास मालकाला, न बदलल्याचा फटका भलत्यालाच. मग मालक हातपाय कशाला हलवेल? ‘माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ हे त्याचं म्हणणं त्याच्यापुरतं बरोबरही असतं. चोराला त्याचा ऐवज नकोच आहे, यंत्र हवंय. आणि मी बदलला तरी शेजारी बदलणार नाही, मग मीच का, हा हिशेबही असतोच. हॉवर्ड कुनरॉयथर आणि जेफ्री हील या अर्थतज्ज्ञांनी २००३ साली या गुंत्याचं गणित मांडलं. त्यातली दिलासा देणारी गोष्ट अशी, की काही वेळा मोजक्या जणांनी बंदोबस्त केला की बाकीच्यांनाही तो करणं परवडू लागतं. एकेकट्याला उपदेश करण्यापेक्षा म्हणूनच मला सोसायटीच्या सभेत हा विषय काढणं जास्त उपयोगाचं वाटतं.

तेव्हा पुढच्या सभेत पाण्याच्या टाकीनंतर (ती आधी येणारच!) सेक्रेटरींना विचारा: कॅमेरे बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड अजून तोच आहे का? कोणाकोणाला माहीत आहे? बाहेरून मोबाइलवर चित्र बघायची खरंच गरज आहे का? नसेल तर ती सोय बंद करा.

नुसतं यंत्र बंद करून चालू केल्याने भागत नाही. मिराई त्याने पुसला जायचा, पण जुना पासवर्ड तसाच असेल तर काही मिनिटांत पुन्हा शिरायचा. आधी इंटरनेटची वायर काढा, यंत्र बंद करून सुरू करा, पासवर्ड बदला, मगच वायर जोडा. काही स्वस्त यंत्रांत पासवर्ड बदलताच येत नाही. ती इंटरनेटला जोडूच नका.